फिंटनची गोळी

ओंगारच्या त्या वसाहतीतली घरं एकाच साच्यातून ओतून काढल्यासारखी होती. तीच विटकरी भिंत, तोच करडा दरवाजा, तीच हातभर हिरवळ. कोल्हापूरहून परदेशी लेकीकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रकाशराव दोनदा फिरून परतताना शेजारच्या दारात किल्ली घालून खटपट करत बसले. दुसऱ्या खेपेला दार आतून उघडलं. आखूड पांढऱ्या केसांची एक उंच बाई उभी होती.

"माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे असेल, तर चहाही तुम्हीच करा," ती म्हणाली.

ही नुआला. डाव्या हाताची शेजारीण. वय चौऱ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, घरात एकटी. तिचं हसणं दिवा लावल्यासारखं लख्खकन यायचं आणि तसंच विझायचं.

प्रकाशरावांनी एक्केचाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये काढली होती. लोखंडावर नुसतं बोट फिरवून ते खडबडीतपणा सांगायचे. इथं मात्र भांडी मशीन घासायचं, झाडू आपला आपण घरभर फिरायचा, आणि लेक अस्मिता सकाळी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला निघताना रोज बजावायची, "बाबा, आता आराम करा." आराम करून करून त्यांचे हात जड झाले होते. बायकोचं, सुचित्राबाईंचं, बरं होतं. त्यांनी चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता. कोल्हापूरहून उशीभर कापूस आणला होता. खिडकीशी बसून, वाटीतल्या दुधाला बोट लावून त्या वाती वळायच्या आणि स्वतःशीच गुणगुणायच्या:

लेकीच्या गं देशामंदी ऊन पाहुण्यावाणी येई,
आलं म्हणता म्हणता बाई, पदर झटकून जाई.

नुआलाच्या फाटकाची कडी प्रकाशरावांनी नीट करून दिली. मग नळ. मग गवत कापायच्या मशीनचं पातं. तिसऱ्या कामाच्या वेळी त्यांनी खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायची सरकती पट्टी, काढला. कोल्हापूरहून येताना तो त्यांनी पायमोज्यात गुंडाळून आणला होता. नुआला त्या व्हर्नियरकडे बघत राहिली. मग आत गेली आणि बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली.

"फिंटनकडेही असाच होता," ती म्हणाली. "तुम्ही लेथवर काम केलंय ना? मग हे बघा."

डब्यात शिशाच्या सात गोळ्या होत्या. करंगळीच्या पेराएवढ्या, बुटक्या, टोकाला निमुळत्या, बुडाला सपाट. प्रकाशरावांनी एक उचलून उजेडात फिरवली. ज्यानं ओतली त्याचा हात साधा नव्हता. कुठं रेघ नाही, फुगवटा नाही.

"ही कशाची?"

"ठासणीच्या रायफलची."

आणि मग चहा गार होईपर्यंत तिनं सगळं सांगितलं.

फिंटन तिचा नवरा, बस डेपोतला मेकॅनिक. त्याचा एकच शौक. छत्तीस कॅलिबरची, नाजूक नळीची, तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजानं ठासायची रायफल. दर रविवारी तो शेजारच्या मीथ परगण्यातल्या एका जुन्या खाणीतल्या क्लबच्या रेंजवर जायचा. नुआला गाडीत शब्दकोडं सोडवत बसायची. चाळीस वर्षांत ती कधी खाली उतरली नाही. आणि तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिला त्याची शेड सहन होईना. दोन दिवसांत तिनं ती रिकामी केली. एक लोखंडी चिमटा होता, दोन दांड्यांचा, पुढं ठोकळे. तिला वाटलं पक्कड असेल. जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात देऊन आली.

"तो गोळीचा साचा होता," नुआला म्हणाली. "त्याचा स्वतःचा. क्लबच्या सेक्रेटरीनं विचारलं तेव्हा कळलं. दुकानात गेले, तर तो कधीच विकला गेला होता."

मग तिनं काय करावं? या वयात ती बंदूक चालवायला शिकली. परवाना आपल्या नावावर करून घेतला. पण आता सप्टेंबरअखेर परवान्याची मुदत संपत होती, आणि नव्या अर्जात लिहायचं होतं की ही बंदूक तुम्हाला का हवी. भिंतीला टांगायला हवी, असं ती लिहिणार नव्हती. फिंटनला शोभेची हत्यारं आवडत नसत. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी क्लबमध्ये त्याच्या नावानं निमुळत्या गोळ्यांची स्पर्धा होती. तेरा गोळ्या, पन्नास मीटर. त्या दिवशी रायफल नीट चालली तर ठेवायची, नाहीतर डीलरकडे सोपवायची. असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"पण विकतची एकही गोळी या रायफलला मानवत नाही. चार जातींच्या मागवल्या. सगळ्या लांबुडक्या. सेक्रेटरी म्हणतो, हिच्या नळीतले आटे फार सावकाश फिरतात. एवढ्या लांब गोळीला पुरेशी गिरकी मिळत नाही, ती हवेत लटपटते. माझ्या कागदावरची भोकं बघा."

तिनं टार्गेटचा पुठ्ठा आणला. भोकं गोल नव्हती. किल्लीच्या भोकासारखी लांबट होती. गोळ्या आडव्या होऊन घुसल्या होत्या.

"भोवऱ्यागत आहे," प्रकाशराव आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "जोर कमी, तर बुटका भोवरा हवा." आणि फिंटनची बुटकी गोळी त्यांनी तळहातावर घेतली. "असा साचा मी करतो."

नुआलाचा दिवा लख्खकन लागला. डबा मिटताना ती तळाकडे बघून मात्र पुटपुटली, "आणि हे. सिगारेट सोडली म्हणून शपथ घेतली होती माझ्याजवळ. छातीनं गेला, तेव्हा डब्यात हे सापडलं." तळाशी पातळ निळसर कागदाचे चिटोरे होते, पत्त्याच्या निम्म्या आकाराचे. "चोरून वळायचा. त्याचा राग अजून गेला नाही माझा. म्हणून टाकलेही नाहीत."

प्रकाशरावांनी चहा संपवला.

संध्याकाळी घरात वादळ झालं.

"बंदूक?" अस्मिता अजून कोटातच होती. "बाबा, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलाय तुम्ही! जरा नळ दुरुस्त करा म्हटलं, तर थेट बंदूक?"

"बंदूक नव्हे गं. साचा. पितळेचा ठोकळा."

"त्यातून निघणार काय? शंकरपाळी?"

"अगं, बाई एकटी हाय," सुचित्राबाई कापसातून मान वर न करता म्हणाल्या. "करू दे की त्यांना. दिवसभर माझ्या वाती मोजत बसतात, मला लाज वाटते."

शेवटी तह झाला. साचा करायचा. गोळ्या नुआलानं ओतायच्या, कारण परवाना तिचा. आणि बंदुकीला बाबांनी बोटसुद्धा लावायचं नाही. शपथ.

"शपथ," प्रकाशराव म्हणाले.

जवळच म्हाताऱ्या पुरुषांची एक शेड होती. तिथं पेन्शनीतले लोक चहा पीत पक्ष्यांची घरटी बनवायचे, आणि मागच्या खोलीत एक जुना इंग्रजी लेथ धूळ खात पडला होता. प्रकाशरावांनी त्याची धूळ झटकली, तेल घातलं, पट्टा ताणला. लेथनं पहिला सूर धरला तेव्हा त्यांच्या पाठीचा कणा आपोआप सरळ झाला. पोलादाची कांडी घासून त्यांनी गोळीच्या घाटाचं कटर बनवलं, पितळेचे दोन ठोकळे जोडून त्यात पोकळी कोरली. मापाला फिंटनची गोळी होती. तिची पोटाशी जाडी तीनशे बावन्न थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग असे तीनशे बावन्न. शिसं थंड होताना आकसतं, त्याचीही जागा ठेवली. पहिली गोळी साच्यातून टपकन पडली आणि व्हर्नियरनं सांगितलं: तीनशे बावन्न.

"ग्रँड!" नुआला ओरडली. शेडमधल्या सात म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वंगणावरून थोडी तेढ झाली. फिंटन बोकडाची चरबी आणि मेण एकत्र कढवायचा. सुचित्राबाईंनी ऐकलं मात्र. "श्रावणात? माझ्या गॅसवर? बया!" आणि चरबीऐवजी घरी कढवलेलं तूप मेणात घालून दिलं. "बिनमिठाच्या लोण्याचं हाय म्हणावं, लोखंडाला गंज येणार न्हाई." नुआलानं वास घेतला आणि म्हणाली, माझ्या बंदुकीला आता भूक लागेल.

मग दोघं रेंजवर चाचणीला गेले. प्रकाशराव शपथेप्रमाणे दोरीच्या मागं उभे. नुआलानं दारू ओतली, गोळी नळीच्या तोंडाशी ठेवली. गजानं ठासायची वेळच आली नाही. गोळी खुळखुळत आपली आपण खाली गेली. विहिरीत खडा जावा तशी.

पाच बार झाले. पुठ्ठ्यावर दोनच भोकं उमटली. दोन्ही आडवी.

सेक्रेटरी भला माणूस होता. त्यानं नळीच्या तोंडाचं माप घेऊन सांगितलं, "तीनशे साठ. तुमची गोळी आठ थाऊंनी बारीक आहे."

आठ थाऊ! डोक्याच्या दोन-तीन केसांएवढं अंतर. पण उद्यमनगरात आठ थाऊ चुकणाऱ्याच्या हातातलं काम ते काढून घ्यायचे. चूक कुठं होती तेही त्यांना कळत होतं. नळी न मोजता गोळी मोजली. नवऱ्या मुलाला न बघता त्याच्या भावाच्या मापानं शेरवानी शिवली. शपथ पाळली, पण सेक्रेटरीला आधी एक माप विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? विचारलं नाही, कारण फिंटनच्या गोळीवर त्यांचा भरवसा बसला होता. असा हात चुकेल कसा?

गाडी उभी करून नुआला म्हणाली, "जाऊ दे, प्रकाश. आठवडाच उरलाय. कदाचित रायफलही माझ्यावर रुसली असेल. साचा मीच देऊन टाकला ना." आणि तिचा दिवा विझला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचित्राबाई वातींचं तबक घेऊन नुआलाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, नुआलाला मराठी येत नव्हतं, आणि या गोष्टीची दोघींनाही कधी अडचण वाटली नव्हती. नुआला त्यांच्याकडून वात वळायला शिकत होती. तिच्या वाती सुरवंटासारख्या व्हायच्या. प्रकाशराव कोपऱ्यात बसून फिंटनची गोळी पुन्हा पुन्हा मोजत होते. तीनशे बावन्न. प्रत्येक वेळी तीनशे बावन्न.

कापूस आवरताना सुचित्राबाईंचा हात डब्याला लागला. त्यांनी सहज एक चिटोरा उचलला, उलटसुलट केला.

"अहो, हे काय हो?"

"सिगारेटचा कागद. तिचा नवरा चोरून ओढायचा."

"आणि तो असा तिरका कशाला कापंल?"

"म्हणजे?"

"बघा की." त्यांनी चिटोरा टेबलावर ठेवला. दोन्ही टोकं तिरपी होती, एकाच कोनात, एकसारखी. "बिडीला सरळ कापला तरी चालतो. तिरका कुणी कापायचा? ज्याला टोकाला टोक भिडवायचंय, आणि वर चढवायचं न्हाई, त्यानं. काकणाला कापड गुंडाळताना आम्ही असंच कापतो, न्हाईतर गाठ येते."

एवढं बोलून त्यांनी दुधाच्या वाटीकडे हात नेला, पण थांबल्या. "दूध नको. चिकटून बसंल." नळाखाली बोटं ओली केली. कागद ओला केला. फिंटनची गोळी कागदाच्या कडेवर ठेवली आणि वात वळतात तशी तळव्याखाली एकदाच पुढं लोटली. कागद गोळीभोवती बरोबर दोन वेढे फिरला. तिरपं टोक तिरप्या टोकाला असं भिडलं की सांधा शोधूनही सापडेना. मागं उरलेली शेपटी त्यांनी चिमटीत पिळून बुडाशी दाबली.

प्रकाशरावांनी कागद वाळेपर्यंत कशीबशी कळ काढली. मग व्हर्नियर लावला.

तीनशे साठ.

"दोन थाऊंचा कागद," ते म्हणाले. "दोन वेढे. दोन्ही बाजूंनी मिळून चार पदर. आठ थाऊ! अगं, तो चुकला नव्हता. मी त्याची गोळी उघडी मोजली. तो तिला कपडे घालून पाठवायचा!"

मग हे सगळं नुआलाला सांगताना त्यांचं इंग्रजी चारदा पडलं, चारदा उठलं. तिनं ऐकलं. चिटोरा हातात घेतला. खिडकीशी धरला. बराच वेळ धरला. मग उठली आणि जिन्याखालच्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, एक चपटं खोकं काढून आणलं. त्यात विमानाच्या टपालाचं एक पॅड होतं. तोच पातळ निळसर कागद. वरची कितीतरी पानं तिरप्या पट्ट्यांत कापून नेलेली.

"सौदीत होता दोन वर्षं, लग्नानंतर," ती म्हणाली. "पत्रं लिही म्हणून मीच हे पॅड दिलं होतं. शंभर पानी. गधड्यानं दोन वर्षांत मला चार पत्रं लिहिली. चार! आणि उरलेला कागद..."

ती हसायला लागली. हसता हसता तिनं ॲप्रन तोंडावर घेतला आणि खांदे हलायला लागले, तेव्हा ते हसू राहिलं नव्हतं. सुचित्राबाई उठून तिच्या पाठीवर हात फिरवू लागल्या.

"ओढत नव्हता तो," ॲप्रनच्या आतून आवाज आला. "सोडली होती त्यानं. खरंच सोडली होती. आणि मी दोन वर्षं त्याच्याशी भांडतेय."

"रडू द्या," सुचित्राबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्ही तेवढं चहाचं बघा. त्या दिवशी म्हणाली होती न्हवं, चहा तुम्हीच करा."

पुढचे पाच दिवस नुआलाचं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना झाला. नुआला शिसं ओतायची. प्रकाशराव प्रत्येक गोळी मोजायचे आणि तिनात एक बाद करायचे. त्यावरून दोघी त्यांना चिडवायच्या. सुचित्राबाई कागद वळायच्या, वर तुपा-मेणाचा हलका हात फिरवायच्या. संध्याकाळी अस्मिता आली की दारातच कपाळावर हात मारायची. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं लॅपटॉप बाजूला ठेवला, बाही सरसावली आणि म्हणाली, "आई, सरक. मला दाखव."

तिच्या पहिल्या गोळीवरचा कागद सुटला. दुसरीवरचा बसला.

"आजीच्या हातची वळणी हाय," सुचित्राबाई म्हणाल्या, आणि प्रकाशरावांनी ती मोजून, मुद्दाम खूप वेळ मोजून, पास केली.

शनिवारी खाणीत वारा पडला होता. भिंतीसारख्या उभ्या दगडावर ओलं गवत, आणि आभाळ धुतलेल्या पातेल्यासारखं. चौदा नेमबाज होते. नुआला सगळ्यांत वयस्कर. तिनं कागदात लपेटलेली पहिली गोळी नळीच्या तोंडाशी ठेवली. या वेळी ती घरंगळली नाही. गजाखाली हळूच, मान राखून, नळीला अंग लावत खाली गेली. दोरीमागं उभ्या प्रकाशरावांनी मनातल्या मनात तो गज धरला होता. बोट मात्र लावलं नव्हतं.

बार झाला. पांढरा धूर लोकरीसारखा पसरला, आणि त्या धुरातून निळसर कागदाचे कपटे तरंगत खाली आले. अक्षतांसारखे. सेक्रेटरी पुटपुटला, "कागद सुटतोय. नळीबाहेर पडताच तो सुटायलाच हवा. आता बघा."

तेरा बार झाले. रेंज मोकळी झाल्यावर पुठ्ठा आणला. प्रकाशरावांनी चष्मा पुसला. एक भोक कडेला गेलं होतं, दोन एकमेकांत मिसळली होती, बाकीची विखुरलेली होती. पण सगळी गोल होती. शेवटच्या भोकापर्यंत गोल, बांगडीसारखी.

नुआलाचा नंबर अकरावा आला. पहिला आलेला तरुण तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "फिंटन असता तर म्हणाला असता, श्वास फार लवकर सोडतेस." ती म्हणाली, "त्यानं आधी दोन वर्षांत चारच पत्रं का, त्याचं उत्तर द्यावं, मग श्वासाचं बोलावं."

परत निघण्याआधी तिनं परवान्याचा अर्ज गाडीच्या बॉनेटवर पसरला. नाव, पत्ता, बंदुकीचा नंबर असं सगळं भराभर भरलं, आणि एका रकान्याशी पेन थांबलं.

"प्रकाश, बंदूक कशासाठी हवी, असं विचारलंय. काय लिहू?"

प्रकाशरावांनी विचार केला. दहा दिवसांत ते कोल्हापूरला परतणार होते. साचा इथंच राहणार होता, नुआलाच्या शेडमध्ये, त्यांच्या हातानं ठोकलेल्या खिळ्यावर. पॅडची अजून तीसेक पानं उरली होती. आणि सुचित्राबाईंच्या तबकात काही वाती होत्या, सुरवंटासारख्या जाड, नुआलानं वळलेल्या. त्या लाखात धरायच्या की नाहीत असं त्यांनी बायकोला विचारलं होतं. "धरल्या की," त्या म्हणाल्या होत्या, "देवाला उजेडाशी मतलब."

"लिहा," प्रकाशराव म्हणाले, "कागद अजून उरला आहे."

नुआलानं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा दिवा लख्खकन लागला, आणि या वेळी लागलेलाच राहिला. तिनं मान खाली घालून रकान्यात लिहिलं, 'क्लबची सभासद. दर रविवारी नेम धरते,' आणि खाली सही केली.

मग वळून सुचित्राबाईंना विचारलं, म्हणजे हातांनी विचारलं, तळव्याखाली गोळी लोटल्यासारखं करून, उद्या येशील का?

"येते की," सुचित्राबाई म्हणाल्या. "पण आधी तुझी वात सुधारू, बाई."